करिअर फेअरमध्ये कंपन्यांना काय विचारावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

करिअर फेअरला, म्हणजे अनेक कंपन्या एकाच ठिकाणी भरतीसाठी स्टॉल लावतात त्या मेळाव्याला, येणारी बहुतेक मुलं स्वतःविषयी काय सांगायचं ते घोकून येतात. कंपनीला काय विचारायचं याची तयारी करून येणारी फार थोडी. मी माणसं निवडण्याच्या कामात आहे आणि स्टॉलच्या आतल्या बाजूला उभी राहून मुलांशी बोलण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. दर फेअरच्या आधी जवळपास हेच प्रश्न माझ्याकडे येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. शिक्षणाच्या शेवटच्या वर्षात असाल, इंटर्नशिप शोधत असाल किंवा काही वर्षं नोकरी करून आता बदल हवा असेल, यातलं बरंचसं तुमच्या उपयोगाचं आहे.

निवड कंपनीच करणार. मग आम्ही प्रश्न विचारून काय होणार?

निवड दोघांनीही करायची असते. ऑफर द्यायची की नाही हे कंपनी ठरवते. ती घ्यायची की नाही, त्याआधी मुळात अर्ज करायचा की नाही, हे तुम्ही ठरवता. त्यासाठी लागणारी माहिती जाहिरातीत सापडत नाही, कारण जाहिरात अर्ज यावेत म्हणून लिहिलेली असते.

जॉन वॅनस या संशोधकाने १९७३ मध्ये टेलिफोन ऑपरेटरच्या भरतीवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही उमेदवारांना कंपनीची नेहमीची, सगळं छान छान दाखवणारी फिल्म दाखवली होती. काहींना कामातला एकसुरीपणाही दाखवणारी. दुसरी फिल्म पाहिलेल्यांनी नोकरी नाकारण्याचा सपाटा लावला, असं काही झालं नाही. रुजू झाल्यावर मात्र नोकरी सोडण्याचे विचार त्यांच्या मनात कमी आले. आपण कुठे चाललोय हे त्यांना आधीच माहीत होतं. तुम्हाला अशी फिल्म बहुधा कोणी दाखवणार नाही. ते चित्र तुम्हाला प्रश्न विचारूनच मिळवायचं आहे.

चांगला प्रश्न ओळखायचा कसा?

माझी कसोटी एकच आहे. त्या प्रश्नाचं उत्तर ऐकून तुमचा निर्णय बदलू शकतो का? बदलू शकत असेल तर विचारा. काहीही उत्तर आलं तरी तुम्ही मान डोलावून 'अच्छा' म्हणणार असाल, तर तो प्रश्न सोडून द्या.

'तुमच्याकडे वातावरण कसं आहे?' हा प्रश्न मला दर फेअरला ऐकू येतो. त्याला 'खूप छान आहे' याशिवाय दुसरं उत्तर येऊच शकत नाही. स्टॉलवर उभं राहून कोण सांगणार की वातावरण वाईट आहे? तुम्हाला खरी काळजी कशाची आहे ते आधी स्वतःशी स्पष्ट करा. चूक झाली तर सगळ्यांसमोर बोलणी बसतात का, याची काळजी असेल तर असं विचारा: 'तुमच्या टीममध्ये अलीकडे कुणाच्या हातून मोठी चूक झाली होती का? मग पुढे काय झालं?' याचं उत्तर पाठ करून ठेवलेलं नसतं. माणसाला आठवावं लागतं, आणि आठवून सांगितलेल्या गोष्टीत तपशील येतात.

घडलेला प्रसंग विचारायचा, मत विचारायचं नाही, ही युक्ती जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात जॉन फ्लॅनगन हे मानसशास्त्रज्ञ अमेरिकी लष्कराच्या हवाई दलात वैमानिकांच्या निवडीवर काम करत होते. चांगल्या वैमानिकाचे गुण कोणते, असं मोघम विचारण्याऐवजी त्यांच्या गटाने प्रत्यक्ष घडलेले प्रसंग गोळा केले: अमुक वेळी कोणी काय केलं आणि त्याचा परिणाम काय झाला. ही पद्धत त्यांनी १९५४ मध्ये सविस्तर मांडली. आज मुलाखतीत तुम्हाला 'एखादा असा प्रसंग सांगा, जेव्हा तुम्ही…' असं विचारतात, ते याच वळणाचं. तेच कंपनीला विचारायला तुम्हाला कोणाची आडकाठी आहे?

स्टॉलवर दोन-तीन जण असतात. कोणाला काय विचारायचं?

हे बघितल्याशिवाय पहिला प्रश्न विचारू नका. चुकीच्या माणसाला विचारलेला बरोबर प्रश्नही फुकट जातो.

भरती बघणारे एचआरचे लोक बहुतेक स्टॉलवर असतातच. प्रक्रिया त्यांना तोंडपाठ असते: किती फेऱ्या, कोणती परीक्षा, निकाल कधी, किती जागा, रुजू कधी व्हायचं. याच गोष्टी त्यांना विचारा. 'मागच्या वेळी इथून घेतलेले लोक आता कोणत्या टीममध्ये आहेत?' हेही त्यांना माहीत असतं. रोजच्या तांत्रिक कामाचा तपशील त्यांना विचारलात, तर ते जाहिरातीतलीच वाक्यं वाचून दाखवतील. त्यात त्यांचा दोष नाही, ते काम ते करत नाहीत.

प्रत्यक्ष काम करणारा कोणी आला असेल तर तुमचं नशीब चांगलं. या माणसाला सहसा विक्री करायची सवय नसते, त्यामुळे तो सरळ बोलतो. दिवस कसा जातो, कोणती साधनं वापरता, काम कोण तपासतं, अडलं तर कोणाकडे जाता, हे सगळं त्याला विचारायचं.

मॅनेजर असेल तर एकच प्रश्न हाताशी ठेवा: 'तुमच्याकडे नवीन आलेला माणूस सहा महिन्यांनी नीट रुळला, असं तुम्ही कशावरून म्हणता?' ज्या मॅनेजरने यावर कधी विचार केलेला आहे तो चटकन दोन-तीन ठोस गोष्टी सांगतो. जो नुसताच 'मेहनत आणि चिकाटी' म्हणतो, त्याच्या हाताखाली तुमचं मूल्यमापन कशावर होणार हे तुम्हालाच कळणार नाही.

आणि स्टॉलच्या कोपऱ्यात एखादा वर्षभरापूर्वीच लागलेला मुलगा किंवा मुलगी उभी असते, पत्रकं वाटत. गर्दी तिला ओलांडून मोठ्या हुद्द्याच्या माणसाकडे जाते. तुम्ही तिच्याकडे जा. कालपरवापर्यंत ती तुमच्याच जागी होती. 'रुजू होताना जे वाटलं होतं, त्यातलं काय वेगळं निघालं?' हा प्रश्न तिला विचारून बघा.

कोण कोण आहे हे कळत नसेल तर सरळ 'आपण कोणत्या विभागात आहात?' म्हणून विचारावं. त्यात अवघड वाटण्यासारखं काही नाही.

बोलायला सुरुवात कशी करायची?

नाव, काय शिकताय किंवा करताय, आणि इथे का थांबलात हे एका वाक्यात. लगेच पहिला प्रश्न. 'नमस्कार, मी अमुक, संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुमची डेटा विश्लेषणाची जागा बघितली. त्यात नवीन माणसाला पहिल्यांदा कोणत्या प्रकारचं काम देता?' एवढं पुरे. मिनिटभराचं पाठ केलेलं भाषण समोरचा ऐकून घेतो, पण त्याचं लक्ष तुमच्या मागच्या रांगेकडे असतं.

'तुमची कंपनी काय करते?' असं विचारलं तर चालतं का?

नाही. सहभागी कंपन्यांची यादी बहुधा आधी मिळते. त्यातल्या पाच-सहा निवडा, त्यांची वेबसाइट आणि चालू जागा वाचा, गेल्या वर्षभरातल्या बातम्यांवर नजर टाका. प्रत्येकीसाठी दोन प्रश्न लिहा. वाचून आलेल्याचा प्रश्न लगेच ओळखू येतो, कारण तो अर्धी माहिती सांगून उरलेली विचारतो: 'तुम्ही दुसरं केंद्र सुरू केल्याचं वाचलं. नवीन भरती तिथे होणार की मुख्य कार्यालयात?'

यादीत नसलेल्या एखाद्या स्टॉलकडे पाय वळलेच, तर प्रामाणिकपणे सांगा: 'तुमच्याबद्दल मी आधी वाचलेलं नाही. पण या फलकावरचं अमुक काम बघून थांबलो.' फलक वाचून विचारलेलं चालतं, काहीच न वाचता विचारलेलं चालत नाही.

काम नक्की कसं असतं हे काढून घ्यायला कोणता प्रश्न चांगला?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न मला एका विद्यार्थिनीकडून मिळाला. माझ्या शेजारी आमच्या टेस्टिंग टीममधला, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारा, एक इंजिनिअर उभा होता. तिने त्याला विचारलं, 'आज तुम्ही इथे आला नसतात, तर आत्ता या वेळी काय करत असतात?'

त्याने घड्याळ बघितलं. 'साडेअकरा. म्हणजे रात्रभर चाललेल्या टेस्टचा रिपोर्ट उघडून बसलो असतो. लाल दिसणाऱ्या सगळ्याच चुका खऱ्या नसतात, पण खऱ्या कोणत्या हे एकेक उघडूनच बघावं लागतं.'

'नवीन आलेल्यालाही हेच काम?'

'पहिले काही महिने जास्त करून हेच.'

'आणि मग?'

'मग टेस्ट स्वतः लिहायला देतो. ते सगळ्यांना जमतंच असं नाही. काही जण रिपोर्टवरच राहतात.'

तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढचं विचारलं: 'राहतात ते कशामुळे?' यावर तो चांगलं पाच मिनिटं बोलला. कोणाला कोड वाचायचा कंटाळा येतो, कोण विचारायला लाजतं, त्याला स्वतःला कोणी कसं शिकवलं. आमच्या छापील पत्रकात यातलं अक्षरही नव्हतं. तिने नंतर अर्ज केला. मुलाखतीत तिला कामाबद्दल वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

या प्रश्नात खास काय आहे? तो 'सर्वसाधारण दिवस कसा असतो' असं विचारत नाही. सर्वसाधारण दिवस म्हटलं की माणूस कल्पनेतला दिवस सांगतो. आजचा दिवस, ही वेळ, असं म्हटलं की खरंच टेबलावर पडलेलं काम डोळ्यांसमोर येतं. असेच आणखी काही:

- मागच्या आठवड्यात तुमचा सगळ्यात जास्त वेळ कशात गेला?
- या कामातला कोणता भाग बाहेरच्यांना दिसत नाही?
- तुमच्या टीममध्ये सगळ्यात शेवटी आलेल्या माणसाने आतापर्यंत काय काय केलंय?
- ही जागा नवीन आहे की कोणी सोडून गेलंय? सोडून गेलं असेल तर ते पुढे कुठे गेले?

शेवटचा प्रश्न थोडा धीटपणाचा वाटेल. पण तो हमखास विचारावा. आधीच्या माणसाला बढती मिळाली असेल तर समोरचा अभिमानाने सांगतो. एकाच जागेवरून लागोपाठ माणसं गेली असतील तर तो अडखळतो, आणि तेही उत्तरच आहे.

शिकायला मिळेल का, बढती मिळेल का, हे कसं विचारू?

'प्रगतीच्या संधी आहेत का?' याला 'भरपूर आहेत' हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी माणसांबद्दल विचारा. 'दोन-तीन वर्षांपूर्वी याच जागेवर घेतलेले लोक आज काय करताहेत?' ट्रेनिंगबद्दल विचारताना ते किती दिवसांचं, कोण देतं, आणि त्या काळात पूर्ण पगार असतो का, एवढं विचारा. इंटर्नशिपसाठी आला असाल तर मागच्या तुकडीतल्या किती इंटर्नना पुढे कायमची नोकरी दिली, हा आकडा विचाराच. कंपन्यांकडे तो असतो.

पगाराचं विचारावं का? बरं दिसतं का ते?

विचारावं. फक्त तो पहिला प्रश्न नसावा, आणि कसा विचारता याला महत्त्व आहे.

पगाराबद्दल विचारणं म्हणजे आगाऊपणा, हा समज हळूहळू मागे पडतो आहे. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये केलेल्या पगार-पारदर्शकतेच्या निर्देशानुसार सुरुवातीचा पगार किंवा त्याचा पल्ला (कमीत कमी किती ते जास्तीत जास्त किती) आधी कळणं हा उमेदवाराचा हक्क आहे, आणि आधीच्या नोकरीत किती मिळत होता हे कंपनीने विचारायचं नाही. सगळीकडे असा नियम नाही. पण प्रश्न रास्त आहे, एवढं त्यावरून नक्की कळतं.

स्टॉलवरच्या माणसाच्या हातात तुमचा पगार नसतो, त्यामुळे तिथे घासाघीस करण्यात अर्थ नाही. पल्ला विचारा: 'या जागेसाठी साधारण कोणत्या पल्ल्यात पगार देता?' त्याहून उपयोगी प्रश्न रचनेचा. एकूण आकड्यातला किती भाग दर महिन्याला नक्की हातात येतो आणि किती भाग कामगिरीवर किंवा कंपनीच्या नफ्यावर अवलंबून आहे? आणि लगेच: 'मागच्या वर्षी तो दुसरा भाग लोकांना पूर्ण मिळाला होता का?' मोठा आकडा सांगून त्यातला बराचसा भाग जर-तरवर ठेवलेला असेल, तर तो इथेच उघडा पडतो.

आणखी एक. अमुक काळ नोकरी सोडायची नाही, सोडली तर ट्रेनिंगचा खर्च भरून द्यायचा, असा करार सही करून घेतात का, हे ऑफर हातात पडण्याआधी कळलेलं बरं. 'रुजू होताना कोणकोणत्या कागदांवर सही घेता?' असं साधं विचारा.

कामाचे तास, सुट्ट्या, घरून काम याबद्दल विचारलं तर आम्ही आळशी ठरतो का?

हो-नाही मध्ये विचारलंत तर तसं वाटू शकतं. 'घरून काम करता येतं का?' ऐवजी 'तुमची टीम आठवड्यातले किती दिवस ऑफिसमध्ये असते, आणि ते कोण ठरवतं?' असं विचारा. दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा आहे. कंपनीचा नियम एक असतो आणि मॅनेजरची मर्जी दुसरी.

उशिरापर्यंत थांबावं लागतं का, हे जाणून घ्यायचं असेल तर 'सगळ्यात घाईचा काळ वर्षात कधी येतो, आणि मागच्या वेळी तो कसा गेला?' असं विचारा. हिशेबाच्या कामात वर्षअखेर, दुकानदारीच्या धंद्यात सणांचा हंगाम, सॉफ्टवेअरमध्ये नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधीचे दिवस, अशी घाई प्रत्येक धंद्यात असतेच. 'आमच्याकडे घाई कधी नसतेच' असं कोणी म्हणालं, तर त्याला ते काम माहीत नाही किंवा त्याला सांगायचं नाही.

कंपनीने नुकतीच माणसं कमी केल्याचं वाचलं. ते विचारणं उद्धटपणा होईल का?

माझ्या मते न विचारणं ही हलगर्जी होईल. तुम्ही तिथे आयुष्यातला काही काळ घालवणार आहात. फक्त सूर आरोपाचा नको. 'गेल्या वर्षी काही विभागांत कपात झाल्याचं वाचलं. ज्या टीमसाठी आज भरती चालली आहे, तिच्यावर त्याचा काय परिणाम झाला?' स्टॉलवर आलेल्या माणसांना हा प्रश्न येणार हे माहीत असतं. ते किती मोकळेपणाने बोलतात हे बघा. ठरवून दिलेलं निवेदन वाचून दाखवलं तरी त्यांना दोष देऊ नका. काही गोष्टी बोलायची त्यांना परवानगी नसते. मग हाच प्रश्न मुलाखतीत मॅनेजरसाठी राखून ठेवा.

'वेबसाइटवर अर्ज करा' म्हणून वाटेला लावलं तर?

हे फार होतं आणि मुलं हिरमुसून निघून जातात. पण बहुतेक मोठ्या कंपन्यांत सगळे अर्ज एकाच सॉफ्टवेअरमधून जातात आणि तिथे नोंद झाल्याशिवाय त्यांना तुम्हाला पुढे नेताच येत नाही. टाळण्यासाठीच तसं म्हणतात असं नाही.

निघण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. माझ्या माहितीला धरून नेमक्या कोणत्या जागेसाठी अर्ज करू? अर्ज पहिल्यांदा कोण बघतं, आणि त्यात तुम्ही सगळ्यात आधी काय शोधता? आपण इथे भेटलो हे अर्जात कुठे लिहू? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोन्यासारखं असतं. 'प्रोजेक्टमध्ये तुम्ही स्वतः काय केलंत तेवढंच मी आधी वाचते' असं मी कितीतरी जणांना सांगितलं आहे, आणि त्याप्रमाणे रेझ्युमे बदलून पाठवणारे लगेच वेगळे दिसतात.

उत्तर गुळमुळीत आलं तर पुढे काय करायचं?

एकदा, फक्त एकदा, उपप्रश्न विचारा. 'आमच्याकडे शिकायला खूप मिळतं' असं उत्तर आलं, तर 'तुम्ही स्वतः या वर्षात नवीन काय शिकलात?' असं विचारायचं. तरीही गोलगोल उत्तर आलं, तर आभार मानून पुढच्या विषयाकडे जा. उलटतपासणी करू नका.

उपप्रश्नाचा दुसराही फायदा आहे. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये संभाषणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जास्त प्रश्न विचारणारी माणसं समोरच्याला जास्त आवडली, आणि त्यातही समोरच्याच्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारणारी विशेष. स्टॉलवर मला हे रोज दिसतं. वहीतला प्रश्न क्रमांक एक संपवून, उत्तर न ऐकताच क्रमांक दोनवर उडी मारणारा मुलगा लक्षात राहत नाही. माझं उत्तर ऐकून 'म्हणजे मग…' अशी सुरुवात करणारा राहतो.

एका स्टॉलवर किती प्रश्न?

मागे रांग असेल तर दोन, फार तर तीन. रांग नसेल तर गप्पा चालू द्या. सकाळी दार उघडल्यावर आणि जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच गर्दी कमी असते असा माझा अनुभव आहे. अगदी शेवटच्या तासाला जाऊ नका, तोवर बोलून बोलून सगळ्यांचे घसे बसलेले असतात. पहिला स्टॉल तुमच्या यादीत खालच्या क्रमांकावर असलेल्या कंपनीचा घ्या. जीभ मोकळी झाली की मग आवडत्या कंपनीकडे वळा.

मला अनोळखी माणसांशी बोलताना शब्दच सुचत नाहीत.

मग तुमच्यासाठी प्रश्न हाच सगळ्यात चांगला आधार आहे, कारण प्रश्न विचारला की पुढचे दोन मिनिटं समोरचा बोलतो. वही उघडून, त्यात बघून विचारलं तरी चालतं. 'मी प्रश्न लिहून आणले आहेत, बघून विचारू का?' असं म्हणणाऱ्याला आजवर कोणी नाही म्हटलेलं मी पाहिलेलं नाही. अडखळलात तर थांबा, पुन्हा सुरू करा. मित्रांचा घोळका घेऊन जाऊ नका. घोळक्यात सगळ्यात धीट असलेला एकटाच बोलतो आणि बाकीच्यांची नावंही कोणाला कळत नाहीत.

ऑनलाइन फेअरमध्ये काही वेगळं करावं लागतं का?

वेळ आधीच ठरलेली आणि थोडी असते, त्यामुळे महत्त्वाचा प्रश्न पहिला. चॅटमध्ये लिहिताना एका संदेशात एकच प्रश्न. कंपनीच्या सामूहिक सत्रात इतरांनी काय विचारलं ते वाचा, तेच परत विचारू नका. आणि सत्र संपण्याआधी ज्या व्यक्तीशी बोललात तिचं नाव लिहून घ्या. खिडकी बंद झाली की ते परत सापडत नाही.

लग्न, मूल, आजारपण, अपंगत्व यांबद्दल काय विचारावं, आणि त्यांनीच विचारलं तर?

तुम्हाला गरज असेल तर धोरण विचारा, स्वतःची कहाणी सांगायची गरज नाही. 'बाळंतपणाच्या रजेनंतर परत आलेल्यांना तेच काम मिळतं का?', 'रात्रीची पाळी असेल तर घरी जाण्याची सोय कंपनी करते का?', 'परीक्षेसाठी जास्त वेळ किंवा वेगळी व्यवस्था हवी असेल तर कोणाला कळवायचं?' हे सगळे प्रश्न रास्त आहेत. शेवटचा तर आधीच विचारलेला चांगला, म्हणजे व्यवस्था करायला त्यांनाही वेळ मिळतो.

त्यांनी तुम्हाला 'लग्न कधी करणार?' असं विचारलं, तर 'या जागेच्या कामाशी त्याचा काय संबंध आहे ते सांगाल का?' असं शांतपणे विचारायला हरकत नाही. नोकरीत स्त्री-पुरुष, धर्म, वंश, सामाजिक पार्श्वभूमी यांवरून भेदभाव होऊ नये, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५८ चा करार सांगतो आणि जगातल्या बहुसंख्य देशांनी तो मान्य केला आहे. ज्या स्टॉलवर असे प्रश्न येतात, तिथल्या ऑफिसात पुढे काय वाढून ठेवलंय याचा अंदाज तुम्हाला तिथेच येतो.

स्टॉलवर नोंदणीचे किंवा ट्रेनिंगचे पैसे मागितले तर?

देऊ नका. कागदपत्रांच्या मूळ प्रतीही देऊ नका. १९९७ च्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १८१ क्रमांकाच्या कराराचा मूळ नियम असा आहे की, खासगी भरती संस्थांनी नोकरी शोधणाऱ्याकडून प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष शुल्क घ्यायचं नाही. अपवाद मोजके आहेत आणि स्टॉलवर घाईघाईने मागितलेली रक्कम त्यात बसण्याची शक्यता नाहीच म्हणा.

शंका आली तर हे विचारा: 'तुम्ही स्वतः ही कंपनी आहात की कंपनीसाठी भरती करणारी संस्था? नोकरीचं पत्र कोणाच्या नावाने येईल? पगार कोण देईल? कामाचं ठिकाण कोणतं?' खऱ्या भरती संस्थेला याची उत्तरं पटकन देता येतात. ज्याला देता येत नाहीत, त्याच्याबद्दल फेअरच्या आयोजकांना तिथल्या तिथे सांगा. तुमच्यामागे रांगेत दुसरं कोणीतरी उभं असतं.

फेअर संपल्यावर काय करायचं?

प्रत्येक स्टॉलवरून निघालात की बाजूला होऊन चार ओळी लिहा: कोणाशी बोललात, काय कळलं, काय कळलं नाही. संध्याकाळी लिहू म्हणाल तर तिसऱ्या कंपनीचं उत्तर पाचव्या कंपनीच्या नावावर जातं.

दुसऱ्या दिवशी संदेश पाठवा. 'आपल्याला भेटून आनंद झाला' एवढ्यानेच तो संपला, तर बाकीच्या ढिगात मिसळून जातो. असा लिहिता येईल: 'काल फेअरमध्ये आपण बोललो. नवीन माणसाला पहिले काही महिने रिपोर्ट तपासायला देता आणि मग टेस्ट लिहायला, असं तुम्ही सांगितलंत. मी कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये थोड्या टेस्ट लिहिल्या आहेत, त्या अर्जासोबत जोडल्या आहेत. एक विचारायचं राहिलं: सुरुवातीला त्या कोणाकडून तपासून घेता?' यात तुम्ही ऐकलंत हे दिसतं, आणि उत्तर द्यायला निमित्तही मिळतं.

समोरून आठवडा-दहा दिवस काही आलं नाही तर एकदाच आठवण करा. तरीही नाही आलं तर सोडून द्या, पण नाव आणि संपर्क जपून ठेवा. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवलं होतं की, नोकरीची बातमी बरेचदा जिवलग मित्रांपेक्षा लांबच्या ओळखीतून येते, कारण मित्रांना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. स्टॉलवरची ती व्यक्ती वर्षभराने दुसऱ्या कंपनीत असू शकते. तेव्हा तिला लिहिताना 'आपण अमुक फेअरमध्ये भेटलो होतो, मी तुम्हाला हा प्रश्न विचारला होता' एवढं एक वाक्य सुरुवातीला घाला. नाव विसरलेली माणसंही प्रश्न विसरत नाहीत असं मी पाहिलं आहे.